खुडलेले आणि गळलेले

नेमावरला सिद्धनाथाचे देऊळ आहे, समोर नर्मदा, पलीकडे हंडिया. या जागेला नर्मदेची नाभी म्हणतात. आमच्या आत्याबाई तिथेच राहत. पहाटे परडी घेऊन निघायच्या, शेजाऱ्याच्या कुंपणावरची कण्हेर, धोतरा, जास्वंद खुडायच्या. देवासाठी घेतलेले फूल चोरीत मोडत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. (हा सिद्धान्त महाराष्ट्राने माळव्याला दिला की माळव्याने महाराष्ट्राला, हे ठरायचे आहे.)

एका दिवाळीत माझ्या वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्यांना अडवले. "आत्याआजी, धोतरा देठासकट खुडलात की पुढे काटेरी फळ होणारा बीजकोशच हातात येतो."

गोष्ट खरी होती. फूल हे झाडाचे प्रजननाचे अंग, हे युरोपातही फार उशिरा सिद्ध झाले. १६९४ साली, इकडे राजाराम महाराज जिंजीला असताना, जर्मनीतल्या कामेरारियसने एरंडाची नरफुले आधीच काढून पाहिली. बी धरले नाही. परागाशिवाय बी नाही, हे त्याने दाखवले.

आत्याबाई हटल्या नाहीत. "आंब्याचा मोहोर किती गळतो, बाई! सगळ्याचे का आंबे होतात?"

"गळतो तो झाडाच्या हिशेबाने," मुलगी म्हणाली.

मला दोघींचेही पटले, आणि तिथेच पंचाईत झाली. झाडाला दुखते का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. ती आपण फांदी लावून वाढवतो. तिचे फूल खुडले तर तिच्या वंशाचे बिघडत नाही. धोतऱ्याचे बिघडते. मग पाप फुलागणिक बदलते काय? की शेजाऱ्याचे, झाडाचे घेऊन "मी वाहिले" म्हणण्यातच खोट आहे?

अंगणात प्राजक्त होता. मुले त्याला हरसिंगार म्हणत. जमिनीवरचे फूल देवाला चालत नाही, पण प्राजक्ताचे चालते. तो रात्री फुलतो, वासाने पतंगांना बोलावतो आणि पहाटे केशरी दांडीची पाकळ्यांची नळी पुंकेसरांसह सोडून देतो. बीजकोश मात्र फांदीवरच राहतो. त्याचे चपटे, दोन बियांचे फळ होते. रूढी घालणाऱ्याने हे पाहिले होते की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या पहाटे आत्याबाई प्राजक्ताखाली वाकल्या होत्या. परडी भरल्यावर कुंपणाकडे गेल्या, कण्हेरीची दोनच फुले घेतली आणि मुलीकडे न बघता म्हणाल्या, "धोतरा तसाच आहे. बघून ये."

मुलगी गेली. एकोणीस फुले होती.