दगडावरच्या चार भाषा

पालेर्मोत दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्या प्रवाशाची यादी ठरलेली असते. राजवाड्यातलं पॅलेटाइन चॅपल, सान काताल्दोचे लाल घुमट, बालारोचा बाजार आणि वेळ उरलाच तर कापुचिन मठाच्या तळघरातली जपून ठेवलेली शवं. मला विचारलंत तर मी झीसा या नॉर्मन काळातल्या महालाकडे बोट दाखवीन. तिथल्या संग्रहालयात थडग्यावरचा एक संगमरवरी दगड आहे. राजा दुसरा रॉजर याच्या पदरी असलेल्या ग्रिसांदुस नावाच्या धर्मगुरूने आपल्या आईसाठी तो घडवून घेतला. आईचं नाव आन्ना. ती ११४८ साली वारली.

मधोमध रंगीत दगडांच्या जडावाचा क्रूस आहे आणि भोवती चार मजकूर आहेत: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. मृत्यू एकच, पण प्रत्येक मजकूर तो आपापल्या कालगणनेत सांगतो. अरबीत हिजरी ५४३ आहे, ग्रीकमध्ये विश्वाच्या उत्पत्तीपासून मोजलेलं बायझंटाइन वर्ष. अरबी मजकुरात पोपचा उल्लेख ‘रोमचा इमाम’ असा येतो. अनुवाद करणाऱ्या माणसाला हेवा वाटावा असा हा शब्द आहे. परक्या संस्थेला आपल्या भाषेत बसायला पाट दिला, आणि कुणाचाही अपमान झाला नाही.

हा दगड पाहून बहुतेकांच्या मनात एकच वाक्य येतं: पाहा, तेव्हा माणसं कशी गुण्यागोविंदाने नांदत होती! मला प्रश्न पडतो तो या वाक्यापाशी. असा आनंद घेणं प्रामाणिक आहे का?

कारण पुढचा इतिहास दगडावर नाही. ११६१ च्या बंडात पालेर्मोतल्या मुसलमानांची कत्तल झाली. ११८४-८५ च्या हिवाळ्यात अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर सिसिलीत होता. राजाच्या अरबी बोलणाऱ्या दरबाराचं त्याने कौतुक केलं. त्याच प्रवासवर्णनात त्रापानीच्या एका प्रतिष्ठित मुसलमान बापाची हकिगत आहे. आपल्या मुलीला लग्न करून या बेटाबाहेर घेऊन जा, अशी विनवणी तो एका यात्रेकरूला करतो. पुढे रॉजरच्या मुलीचा मुलगा, सम्राट दुसरा फ्रेडरिक, अरबी विद्येचा मोठा चाहता निघाला. सिसिलीतल्या मुसलमानांना हुसकून इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरात नेऊन वसवलं तेही त्यानेच. १३०० साली ती वस्तीही मोडली आणि तिथली माणसं गुलाम म्हणून विकली गेली. ज्यूंना १४९२ च्या फर्मानाने बेट सोडावं लागलं. आज पालेर्मोच्या जुन्या ज्यू मोहल्ल्यात रस्त्यांच्या पाट्यांवर इटालियनबरोबर हिब्रू आणि अरबीही आहे.

यावरून कुणी म्हणेल, सगळा राजाचा देखावा होता. मला तेही पटत नाही. राजाला करवसुलीसाठी अरबी जाणणारे कारकून हवे होते, वैभव मिरवायचं होतं, हे खरं. पण हेतू स्वार्थी असला म्हणून कृती खोटी ठरत नाही. कुणीतरी बसून विचार केला की अरबी वाचणाऱ्याला ही बाई हिजरी सालातच वारलेली दिसायला हवी. दुसऱ्याला त्याचा स्वतःचा काळ देणं हा आदरच आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. भाषेला दिलेला मान म्हणजे ती बोलणाऱ्याला दिलेलं अभय, असं आपण धरून चालतो. फ्रेडरिकचं उदाहरण सांगतं की या दोन गोष्टी सुट्या सुट्या असू शकतात. पुस्तकं ठेवून घेऊन वाचणारे हाकलून देता येतात. आणि भाषेवर प्रेम करणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारख्यालाही, हे कळायला उशीर लागतो, कारण त्याचं काम लेखी मजकुरावर भागतं.

आपल्या नोटेवर मूल्य सतरा भाषांत छापलेलं असतं. ती नोट खिशात घेऊन माणूस परप्रांतात कामाला जातो, आणि तिथे तोंड उघडताच खोली मिळत नाही, किंवा रिक्षातून उतरवलं जातं. मराठी माणूस या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना असतो. तेव्हा नोट खोटी म्हणून फाडून टाकावी का? नाही. तिने दिलेलं वचन मात्र मोठ्याने वाचावं आणि ते पाळण्याची जबाबदारी छापखान्यावर ढकलू नये.

म्हणून पालेर्मोला गेलात तर झीसात जरूर जा, आणि दगड सुंदर वाटला तर तो तसा वाटू द्या. फक्त त्याला पुरावा समजू नका. आन्नाला चार भाषांत जागा मिळाली. शे-दीडशे वर्षांत त्यातली एक भाषा बोलणाऱ्यांना त्या बेटावर उभं राहायलाही जागा उरली नाही. आवडत्या जागेसमोर उभं राहताना ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत.