क्षमा कोणाच्या जिवावर?

धारूरचा किल्ला शेजारच्या सत्तेशी असलेल्या वैरातून उभा राहिला. सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार किश्वरखान लारी याने निजामशाहीच्या तोंडावर तो बांधला. नगरच्या मुर्तजा निजामशहाला ते खपलं नाही. त्याने चाल केली, किश्वरखान मारला गेला आणि जिंकलेल्या किल्ल्याला फतेहाबाद हे नाव मिळालं. 1631मध्ये शाहजहानच्या आजमखानाने तो मोगलांकडे ओढून घेतला. राजेरजवाडे शेजाऱ्याचं भांडण असं मिटवत. गावातल्या गल्लीत ते तसं मिटत नाही, कारण तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच शेजाऱ्याचं तोंड पाहायचं असतं.

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या या तालुक्यात शेजारधर्म ही बोलाचालीची गोष्ट नाही. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. घराला कुलूप लागतं, किंवा घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं उरतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांना आधार शेजाऱ्याचाच. नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला घरमालकही त्याच भरवशावर असतो. वडिलोपार्जित घर रिकामं पडायला नको म्हणून दोन खोल्या तो एखाद्या शिक्षकाला नाहीतर नर्सबाईंना भाड्याने देतो. आणि शेजारी नेमका उपद्रवी निघतो.

उपद्रव म्हणजे काय? रात्री दारू पिऊन दारात उभं राहून शिवीगाळ. मोरीचं पाणी मुद्दाम समोरच्या अंगणात सोडणं. येण्याजाण्याच्या वाटेत गाडी आडवी लावणं. जुन्या घरांची माळवदं एकमेकांना लागून असली तर वरून कचरा ढकलायलाही फार कष्ट पडत नाहीत. भाडेकरू मालकाला फोन करतो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘जाऊ द्या सर, तो आधीपासून तसाच आहे. आपण कशाला त्याच्या नादी लागायचं?’

या ‘जाऊ द्या’ला सोशिकपणाचा, कधी थेट संतांचा आधार दिला जातो. पैठणला गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी न रागावता परत नदीवर गेले, ही कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. मात्र त्या कथेत थुंकी नाथांच्याच अंगावर पडत होती. सोसणारा आणि क्षमा करणारा माणूस एकच होता. पुण्यात बसलेला मालक जेव्हा धारूरच्या शेजाऱ्याला उदार मनाने माफ करतो, तेव्हा सोसणारा दुसराच असतो. भाडं मालकाच्या खात्यात जमा होतं आणि शिव्या भाडेकरूच्या कानात. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणाला असतो का, हा यातला खरा धर्मप्रश्न.

त्याचं उत्तर देहूच्या एका शेजाऱ्याच्या कथेत सापडतं. महिपतींनी 1774मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तलीलामृता’त ती आहे. मंबाजी गोसाव्याची बाग देवळाला लागून होती. तुकोबांच्या म्हशीने बागेची नासाडी केली, तेव्हा त्याने काटेरी कुंपण घातलं. त्याचे काटे प्रदक्षिणेच्या वाटेवर आले. एकादशीला लोक येणार, त्यांच्या पायात काटे मोडणार, म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले. मंबाजीने त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना झोडपलं. रात्री तो कीर्तनाला आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याला बोलवायला गेले, त्याचे पाय चेपले.

ही गोष्ट सांगताना लोक मार आणि पायचेपणी तेवढी लक्षात ठेवतात. आधीची कृती विसरतात. दुसऱ्यांच्या पायाचा प्रश्न होता तिथे तुकोबांनी मंबाजीच्या रागाची पर्वा केली नाही, काटे काढले. स्वतःच्या पाठीचा प्रश्न आला तिथे माफ केलं. भाडेकरू हा त्या वाटेवरचा यात्रेकरू आहे. मालकाने आधी त्याची वाट मोकळी करायची. शेजाऱ्याविषयीची उदारता त्यानंतर.

धारूरमध्ये हिंदूंच्या बरोबरीने मुसलमानांचीही जुनी वस्ती आहे, आणि इस्लाममध्ये शेजाऱ्याचा हक्क हा श्रद्धेचाच भाग मानला जातो. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग येतो. एक माणूस शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार घेऊन पैगंबरांकडे गेला. सबर कर, असं त्याला सांगण्यात आलं. तो दोन-तीनदा आला, तेव्हा पैगंबर म्हणाले की घरातलं सामान रस्त्यावर मांड. येणारेजाणारे विचारपूस करू लागले आणि कारण कळताच शेजाऱ्याला दूषणं देऊ लागले. शेवटी शेजारी स्वतः आला आणि म्हणाला, सामान आत घे, यापुढे तुला त्रास होणार नाही. सबुरीला इथे मुदत आहे. ती संपली की गाऱ्हाणं चारचौघांत मांडायचं.

तिसरी वाट समर्थांची. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकात, राजकारणाविषयी लिहिताना, ते दांडग्यासमोर दांडगाच उभा करायला सांगतात. पुष्कळ मालकांना हा सल्ला मनापासून पटतो. गावातल्या एखाद्या ‘भाऊ’ला सांगून शेजाऱ्याला दम भरला जातो. पण मालक काही राज्य चालवत नाही. काम झाल्यावर तो ‘भाऊ’ही गल्लीत येऊन-जाऊन राहतो, आणि भाडेकरूच्या दाराशी एकाच्या जागी दोन दांडगे होतात.

उलटही घडतं. कधी उपद्रवी माणूस हा मालकाचा स्वतःचाच भाडेकरू असतो आणि भाडं वेळेवर येतं म्हणून मालक कानाडोळा करतो. इथे सोसणारा शेजारी असतो. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही शक्यता धरली आहे: भाडेकरूचं वर्तन शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रवकारक असेल, तर कलम 16नुसार मालक न्यायालयाकडे घराचा ताबा मागू शकतो. हत्यार मालकाच्याच हातात आहे, ते उचलायचं की नाही हे त्याने ठरवायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘उपद्रवी’ हा शिक्का मारणं फार सोपं असतं. शेजारच्या घरात शिजणारं मटण, पहाटेची नमाज, घरातलं भजन, वेगळी जात, वेगळी भाषा यांतलं काहीही उपद्रव नव्हे. ते निराळेपण आहे आणि त्याविरुद्ध तक्रार करणाराच शेजारधर्म मोडतो. रात्री 10 ते सकाळी 6 मोकळ्यावर लाउडस्पीकर लावणं ही वेगळी बाब. त्याला 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, मग गाणी कोणत्याही देवाची असोत.

तेव्हा मालकाने काय करावं? आधी स्वतः जाऊन शेजाऱ्याशी बोलावं, फोनवर नव्हे. त्याचीही बाजू ऐकावी. तुंबलेली मोरी कदाचित मालकाच्याच घरची निघेल. दोनदा सांगून फरक पडला नाही, तर तारीखवार नोंद ठेवून भाडेकरूबरोबर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. आसपासच्या खेड्यांत 2007पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समितीची वाटही धरता येते. नव्या भाडेकरूला शेजाऱ्याची खरी हकीकत घर दाखवतानाच सांगावी, सामान उतरल्यावर नाही. आणि करार लेखी व नोंदणीकृतच करावा. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 त्या नोंदणीची जबाबदारी भाडेकरूवर नव्हे, मालकावर टाकतं.