शिवणीतील माया

आपल्या भाषेत माया हा मोठा विलक्षण शब्द आहे. वेदान्ती लोक जगाच्या आभासाला माया म्हणतात. आई लेकरावर करिते तीही माया, आणि सावकाराने पेटीत साठविलेल्या पैशालाही लोक मायाच म्हणतात. ह्यांखेरीज ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. तो पंडितांच्या वादांत क्वचितच ऐकू येतो, परंतु सुईदोरा हाती धरणाऱ्या प्रत्येक बाईस तो ठाऊक असतो. कापड बेतताना शिवणीच्या रेघेबाहेर जी बोटभर जागा राखून कापतात, तिलाही माया म्हणतात. संन्यासी सांगतो, माया सोडा. शिंपीही सांगतो, माया सोडा. पण पहिल्याचे सोडणे म्हणजे टाकून देणे, व दुसऱ्याचे सोडणे म्हणजे राखून ठेवणे होय.

ह्या शिंप्याच्या मायेविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. मंडळीच्या कारभारात पाळकांस, सुवार्तिकांस व वडिलांस एक प्रश्न वारंवार पडतो: नियम तंतोतंत पाळवून घेणे हा धर्म, की माणूस पाहून सूट देणे हा धर्म? ह्या प्रश्नावर मी पुष्कळ वाचले व ऐकले होते. तरी त्याचा उलगडा मला एका बटव्यापाशी झाला, आणि तोही माझी चूक झाल्यावर.

गेल्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीपूर्वी आमच्या मंडळीने ठरविले की, प्रत्येक ख्रिस्ती घरी अर्पणाकरिता एकेक लहान बटवा द्यावा. रोजच्या मजुरीतून जे काही वेगळे काढावयाचे ते त्यात पडावे व रविवारी तो मंदिरात आणावा. चाळीस बटवे पाहिजे होते. शिवण्याचे काम भगिनींनी पत्करिले व कापून देण्याचे मी अंगावर घेतले. जाड कागदाचा एक नमुना केला. रुंदी 6 इंच, उंची 7 इंच. कापड थोडे होते, म्हणून नमुन्याला नमुना भिडवून मी रेघा ओढिल्या आणि नेमक्या रेघेवर कातर चालविली. एक चिंधीसुद्धा वाया गेली नाही, ह्याचे मला मोठे समाधान वाटले.

ते समाधान फार दिवस टिकले नाही. ज्या भगिनींनी काठापासून अर्धा इंच आत शिवण घातली, त्यांचा बटवा 5 इंचांचा झाला व नाडीच्या नेफ्यास कापडच उरले नाही. ज्यांनी माप राखण्यासाठी अगदी काठालगत टाके घातले, त्यांचे बटवे दिसण्यात बरे झाले. पण काठाचे धागे सुटू लागले, आणि महिनाभरात एका घरी शिवण उसवून नाणी चुलीपुढे सांडली. हाग्गय संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात भोके पडलेल्या थैलीत मजुरी टाकणाऱ्याचा दाखला दिला आहे. तशा थैल्या आम्ही खुद्द प्रभूच्या अर्पणासाठी करून ठेविल्या होत्या!

आमच्या मंडळीत एक वृद्ध बायबलबाई आहेत. त्यांनी माझा कागद हाती घेऊन पाहिला आणि हसून म्हणाल्या, "पाळकसाहेब, नमुना काही चुकला नाही. पण ही शिवणीची रेघ हो, कातरीची नव्हे. तुम्ही माया सोडलीच नाही."

मग त्यांनी मला समोर बसवून शिकविले. ते येथे लिहितो, कारण हे काम पुष्कळ घरी करण्याजोगे आहे. 6 इंच रुंद व 7 इंच उंच बटव्याकरिता दोन तुकडे घ्यावे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच माया धरून रुंदी 7 इंच होते. उंचीत खाली अर्धा इंच माया, व वर नेफ्याकरिता सव्वा इंच (पाव इंच आत मुडपण्यास व एक इंच नेफ्यास) धरून उंची पावणेनऊ इंच होते. नमुना कापडाच्या उभ्या धाग्यावर सरळ ठेवावा. तिरका ठेविला तर कापड ताणून बटवा वाकडा होतो. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन कडांस बारीक उलटी टीप घालावी. बाजूची शिवण वरपर्यंत न नेता नेफ्याच्या खाली थांबवावी, म्हणजे नाडी ओवण्यास तोंड राहते. खालच्या कोपऱ्यांवरील माया तिरपी छाटावी, मात्र कातर टाक्याला लागू देऊ नये. मग बटवा सुलटा करावा. विकत मिळणाऱ्या नमुन्यांत काहींमध्ये माया धरलेली असते, काहींमध्ये नसते; तेव्हा कातर लावण्यापूर्वी त्यावरील सूचना वाचावी.

हे सर्व ऐकत असता माझ्या मनात मात्र कापड नव्हते. एक तरुण माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता.

तो बाप्तिस्म्याच्या तयारीत होता. दिवाळीच्या सुमारास त्याच्या बापाने मुकादमाकडून उचल घेतली आणि सारे घर ऊसतोडणीस गेले. उचल घेतलेल्या कोयत्यास रविवार नसतो. कारखाना चालू असला म्हणजे ऊस तोडावाच लागतो, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावा लागतो. आमच्या मंडळीचा नियम होता की, सलग चार रविवार जो शिकवणीस येणार नाही त्याचे नाव यादीतून काढावे. पाचव्या रविवारी मी नाव काढिले. तो गावी परत आल्यावर मी त्याला नियम दाखविला. त्याने वाद घातला नाही. "बरं, साहेब," एवढेच म्हणाला व गेला. तो पुन्हा आला नाही. मी नियमाप्रमाणेच वागलो होतो, आणि तेव्हाही मला तेच समाधान वाटले होते.

प्रिय वाचकहो, नियम खोटा होता काय? नव्हता. शिक्षणावाचून बाप्तिस्मा देऊ नये हे योग्यच आहे. परंतु नमुन्याची रेघ टाका कोठे पडावा हे सांगते. कातर कोठे चालवावी हे सांगत नाही. मी शिवणीच्या रेघेवर कातर चालविली, आणि जो जोडावयाचा होता त्याला कापून टाकिले.

येथे कोणी वडील म्हणतील, "पाळकसाहेब, अशी माया करीत बसलो तर नियम उरेल काय?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही, कारण दुसऱ्या बाजूची चूकही आमच्या हातून झालेली आहे. एक गृहस्थ दारू पिऊन घरी मारहाण करीत असे. तो जुन्या घराण्यातला, म्हणून त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचे आम्ही टाळीत राहिलो, आणि त्या टाळण्याला आम्ही माया असे नाव दिले. ती माया नव्हती. आम्ही शिवणच रेघेवरून सरकविली होती. शिवाय त्या मायेचे कापड आमचे नव्हते. ते त्याच्या बायकोच्या अंगावरून कापलेले होते. तिने मार खावा आणि आम्ही क्षमाशील म्हणवून घ्यावे, हा अन्याय होय.

तेव्हा खरी माया ओळखावी कशी? बटवा पाहा. माया कितीही सोडली तरी टाका रेघेवरच पडतो. मायेने माप बदलत नाही, उलट मायेमुळेच माप साधते. दुसरे असे की, मायेला कापड जास्त लागते, व ते देणाऱ्याच्या पदरचे जाते. त्या तरुणाला सूट द्यावयाची म्हणजे शिकवणी माफ करणे नव्हे. मी स्वतः एखाद्या सायंकाळी त्याच्या कोपीवर जाऊन शिकविणे होय. मी वाचविले ते माझे श्रम, आणि त्याला नाव दिले नियमाचे. आणि तिसरे, माया बटव्याच्या आत राहते. बाहेरून ती कोणास दिसत नाही. मात्र ओझे पडले म्हणजे शिवण तिच्या आधाराने टिकते. कोपऱ्यावर ती छाटावी लागते हेही खरे; नुसती जाड माया साठली तर कोपरा उलटत नाही, व लाडाने बिघडलेला माणूसही तसाच अडून राहतो.

कोणास वाटेल की ही माया नियमाच्या विरुद्ध आहे व ती बाहेरून आणावी लागते. तसे नाही. लेवीय 19 व्या अध्यायात स्वतः नियमशास्त्रच आज्ञा करिते की, शेताची कापणी करिताना अगदी कडेपर्यंत कापू नये. कडा गरिबांकरिता व परक्यांकरिता राहू द्याव्या. पाहा, देवाने कापणाऱ्याच्या विळ्यालाही माया सोडावयास सांगितले! बवाजाने ही आज्ञा पाळिली, इतकेच नव्हे तर पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गाळण्यास आपल्या गड्यांस सांगितले. म्हणून मवाबी रूथ तेथे वेचू शकली. पुढे तिच्याच वंशात दावीद झाला, आणि मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव देतो. त्या शेताची कड साफ कापली असती, तर ती परकी विधवा कोठे उभी राहिली असती?

बटवे आम्ही पुन्हा कापिले. ह्या खेपेस चाळिसांपेक्षा कमीच निघाले. बाकीचे कापड मागाहून आणावे लागले.

त्यानंतर मी बायबलबाईंस सोबत घेऊन कारखान्याजवळच्या कोप्यांवर गेलो. तो तरुण मोळ्या बांधीत होता. मी त्याला सांगितले की माझे चुकले, आणि त्याची इच्छा असेल तर आठवड्यातून एक सायंकाळ मी तेथे येईन. त्याने आम्हांस चहा पाजिला, पण उत्तर दिले ते इतकेच: "पाहू, साहेब." आजवर त्याने होय म्हटलेले नाही. एकदा कापलेले कापड पूर्वीसारखे होत नाही. जोड देता येतो, पण तो दिसतो. तरीही ठरलेल्या सायंकाळी मी जात असतो, आणि तो नसला तरी त्याच्या आईशी दोन शब्द बोलून येतो. तिने एक बटवा मागून घेतला आहे.

बंधूंनो, आपल्या हाती यादी असते, नियम असतात आणि कातरही असते. पुढील खेपेस कोणाचे नाव काढावयाची वेळ आली, तर आधी स्वतःस विचारावे की, आपण बोटभर जागा सोडिली आहे काय, व ती आपल्या पदरची आहे काय? ज्या प्रभूने आपणांकरिता स्वतःस राखिले नाही, तो आपल्या हातांस शिवण्याची बुद्धी देवो. आमेन.