आठवणार नाही, म्हणून?

‘तीन महिन्यांच्या बाळाला काय आठवणार आहे? दोन दिवस रडेल आणि विसरेल. त्याचा एवढा बाऊ कशाला?’ दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेत हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी एका परिसंवादात हे विधान केलं आणि सभागृहातल्या बऱ्याच माना डोलल्या. त्यांच्या हातांबद्दल मला नितांत आदर आहे. मी भूलतज्ज्ञ आहे; ओठाच्या कडेची ती बारीक रेघ दोन्ही बाजूंनी अचूक जुळवणं किती अवघड असतं ते मी टेबलाच्या डोक्याशी बसून पाहिलं आहे. पण अशा माणसाचं वाक्य सभागृहातच राहत नाही. निवासी डॉक्टर ते वॉर्डात घेऊन जातात, आणि रात्री दोन वाजता बाळ किंचाळतंय म्हणून सिस्टर फोन करते तेव्हा औषधाऐवजी तेच वाक्य पुढे केलं जातं. म्हणून हा लेख.

शस्त्रक्रियेच्या वेळी बाळाला पूर्ण भूल हवी, याबद्दल आज कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो भूल उतरल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचा. आणि ‘आठवणार नाही’ या युक्तिवादाची वंशावळ जुनी आहे. ईथरच्या भुलेची बातमी १८४६ साली बोस्टनहून जगाला देणारा शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो, त्यानेच १८४८ साली असं मांडलं की तान्ह्या बाळाला येणाऱ्या वेदनेची चाहूल नसते आणि होऊन गेलेल्या वेदनेची आठवण नसते, तेव्हा त्याला गाढ भुलेची गरज नाही. पुढे या मताला मज्जाशास्त्राचं पाठबळ मिळालं. मर्टल मॅग्रॉ यांनी १९४१ साली बाळांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदवल्या आणि नवजात बाळाच्या प्रतिसादात मेंदूच्या वरच्या थराचा फारसा वाटा नाही, असा अर्थ लावला. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याला केवळ स्नायू लुळे पाडणारं औषध दिलेलं होतं. बाळाला हलता येत नव्हतं, रडता येत नव्हतं. काही आठवड्यांनी ते गेलं. त्याच्या आईला खरी गोष्ट नंतर कळली, आणि तिने ती वर्तमानपत्रांपर्यंत नेली.

इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली हा प्रश्न धसाला लावला. अशाच शस्त्रक्रियेच्या बाळांपैकी काहींना त्यांनी प्रचलित हलक्या भुलेच्या जोडीला फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही. ज्यांना मिळालं त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी उसळली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच मेंदूच्या चित्रणातून दिसलं की टोचल्यावर प्रौढांच्या मेंदूत जे वीस भाग जागे होतात, त्यांपैकी अठरा नवजात बाळातही होतात. विज्ञानाच्या बाजूने एवढं पुरे.

मला मात्र या वादात सगळ्यांत मोठी सोबत मिळाली ती गौतमाच्या न्यायसूत्रांची. तिसऱ्या अध्यायात आत्मा नित्य आहे हे सिद्ध करायचं आहे, आणि त्यासाठी गौतम पुरावा आणतो नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा. या बाळाला हर्ष होतो, भय वाटतं, शोक होतो. या जन्मात तर त्याने अजून काही अनुभवलेलं नाही. म्हणजे हे मागच्या जन्मीच्या स्मृतीतून आलं असलं पाहिजे. पुनर्जन्माचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही. मला थक्क करतं ते त्याच्या आधीचं गृहीतक. नवजात बाळाला शोक होतो ही गोष्ट तिथे पायाचा दगड म्हणून वापरली आहे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन म्हणतो की बाळाचे हे भाव चिन्हांवरून अनुमानाने कळतात. बोलता न येणाऱ्याच्या मनाकडे जाण्याचा तोच एक रस्ता आहे, आणि आमचे वेदनामापनाचे तक्ते आजही त्याच रस्त्याने जातात.

प्रतिपक्षही गौतमाने लपवलेला नाही. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ उमलतं आणि मिटतं, तसेच बाळाच्या चेहऱ्यावरचे हे बदल आहेत. आत कुणी भोगणारा मानायची गरज काय? मॅग्रॉंच्या टाचणीतून निघालेला निष्कर्ष याहून वेगळा नाही. गौतमाचं उत्तर असं की कमळ आपोआप उमलत नाही, त्याला ऊन, थंडी, पाऊस अशी ठरलेली निमित्तं आहेत. मग बाळाच्या हर्षशोकालाही निमित्त शोधावंच लागेल. पुढे स्तनपानाच्या ओढीचा प्रश्न येतो, तेव्हा प्रतिपक्षी लोहचुंबकाकडे सरकणारं लोखंड दाखवतो, आणि तेही उत्तर गौतम मान्य करत नाही. बाळ म्हणजे कमळ की कुणी भोगणारं, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या नेटाने लढवला गेला असताना आम्ही मात्र तो एकोणिसाव्या शतकातल्या बोस्टनच्या उत्तरावर सोडून दिला, याचा मला खेद होतो.

तरीही गौतमापाशी मला थांबता येत नाही. शोक आहे म्हणजे स्मृती असलीच पाहिजे, असं तो म्हणतो. स्मृती नाही म्हणजे शोकाची दखल नको, असं बिगेलो म्हणतो. दोघांनी दुःखाची गाठ आठवणीशी बांधली आहे, आणि ती गाठच सोडवायला हवी. मांडीचं हाड मोडलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला पाच मिनिटांपूर्वीचं काही आठवत नाही; म्हणून तिचं हाड वेदनाशामकाशिवाय बसवा, असं कोणता डॉक्टर म्हणेल? मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलेला प्रौढ रुग्ण तपासणी चालू असताना कण्हतो, हात ओढून घेतो आणि नंतर काहीच आठवत नाही म्हणून सांगतो. त्याच्या कण्हण्याकडे आम्ही त्या क्षणी लक्ष देतोच. मग बाळासाठी वेगळा न्याय का?

इथे माझ्या बाजूचे लोक एक हुकमी पुरावा काढतात, आणि मीही तो अनेकदा काढला आहे. टोरांटोत १९९७ साली दिसून आलं की बधिर न करता सुंता झालेले मुलगे चार-सहा महिन्यांनी लस टोचताना जास्त कळवळतात. म्हणजे मन विसरलं तरी शरीर विसरत नाही. पुरावा खरा आहे. पण युक्तिवादाची भिस्त मी आता त्याच्यावर ठेवणार नाही, कारण तो वापरताच बिगेलोची अट मान्य होते: खूण उरली तरच वेदना मोजायची. उद्या कुणी सिद्ध केलं की ओठाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीची शरीरातही कसलीच खूण उरत नाही, तर ती रात्र सोसायला लावणं योग्य ठरेल का? बाळाची मंगळवारची रात्र मंगळवारीच भोगून होते. तिची किंमत पुढच्या वर्षांवर अवलंबून नाही.

आता वॉर्डात येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे आणि तिथे माझ्या विरोधकांचं बरंचसं म्हणणं रास्त आहे. तीन महिन्यांचं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. ओठ शिवल्यावर नाकपुडी सुजते, रक्ताने चोंदते. लहान बाळाच्या शरीरातून मॉर्फिन हळू बाहेर पडतं आणि श्वास मंदावू शकतो. ज्या वॉर्डात रात्री वीस-पंचवीस मुलांमागे एक सिस्टर असते, तिथे मॉर्फिनला नकार देणारा डॉक्टर निर्दय नसतो. त्यातून १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं, की २०१४च्या दुरुस्तीनंतरही लहान रुग्णालयं ते ठेवायला कचरतात.

पण दुभंगलेल्या ओठाचं एक भाग्य आहे. वरच्या ओठाची संवेदना मुख्यतः डोळ्याच्या खोबणीखालून बाहेर येणाऱ्या एका मज्जातंतूतून जाते, दोन्ही बाजूंना एकेक. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बोसेनबर्ग आणि किंबल यांनी १९९५ साली नवजात बाळांत तो नेमका कुठे सापडतो ते दाखवून दिलं: डोळ्याचा मध्य आणि ओठाचा कोपरा यांच्या साधारण मधोमध, नाकपुडीच्या बुडापासून जेमतेम साडेसात मिलिमीटरवर. बाळ भुलेत असतानाच तिथे वजनानुसार मोजून बुपिवाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं थोडं सौम्य द्रावण दिलं की ओठ कित्येक तास बधिर राहतो आणि श्वासावर परिणाम होत नाही. नाकाच्या शेंड्यावरही काम केलं असेल तर हे पुरत नाही, कारण तिथली संवेदना दुसऱ्या मज्जातंतूची आहे. या विषयावरचे अभ्यास लहान आहेत, त्यांचा दर्जा फार वरचा नाही, हेही खरं. पण औषध स्वस्त आहे, कायद्याचा अडसर नाही आणि सुई काही मिनिटांचं काम आहे. मॉर्फिन टाळणाऱ्याचं कारण मला पटतं. ही सुई टाळणाऱ्याकडे मी कारण मागतो.

दुसरा आक्षेप: ‘बाळ दुखण्याने रडत नाही, भुकेने रडतं.’ पुष्कळदा खरं आहे. मग त्याला उपाशी का ठेवायचं? टाके तुटतील या भीतीने आईचं दूध बंद करून वाटी-चमचा देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. श्रीनगरच्या डॉक्टरांनी १९९६ साली दोन्ही पद्धती पडताळून पाहिल्या. लगेच अंगावर पाजलेल्या बाळांचं वजन जास्त वाढलं आणि टाक्यांचं काही बिघडलं नाही. ज्या बाळाला ओढता येतं त्याला पाजावं. भूक मिटल्यावरही जे रडणं उरतं ते कशाचं, हा प्रश्न मग आपोआप स्वच्छ होतो.

गप्प बाळाबद्दलही सावध राहायला हवं. लंडनमध्ये २०१० साली दिसलं की टोचण्याआधी साखरेचं पाणी दिलं तर बाळाचा चेहरा शांत होतो, पण मेंदूतली वेदनेची लाट तेवढीच उठते. आमच्या तक्त्यात चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. टाके ओढू नयेत म्हणून हाताला खपाट्या बांधलेलं, दमून झोपी गेलेलं बाळ त्यात सहज उत्तीर्ण होतं. तक्ता तरीही हवाच, कारण ताप आणि नाडी जशी लिहिली जाते तशी वेदना लिहिली गेली नाही, तर तिच्यावर उपचार करायला कुणी बांधील राहत नाही.

आणि आई? ग्रहणात विळी हातात घेतलीस म्हणून असं झालं, हे तिने महिनोन् महिने ऐकलेलं असतं. शस्त्रक्रिया बहुधा कुठल्याशा संस्थेच्या मदतीने फुकट झालेली असते. ‘बाळाला फार दुखतंय’ म्हणणं तिला कृतघ्नपणा वाटतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन फोटो भिंतीवर लागतात. या मुलांसाठी जगभर पैसा उभा राहतो त्यात अशा फोटोंचा मोठा वाटा आहे, आणि तो पैसा मोलाचा आहे. ज्या संस्था हे फोटो मागतात त्यांनी सोबत पहिल्या दोन रात्रींचा वेदनेचा तक्ताही मागावा. तो आला नाही तर त्या शस्त्रक्रियेचे पैसे थांबवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी सोडतानाच्या कागदावर पॅरासिटामॉलपुढे ‘रडल्यास द्या’ असं लिहितात. रडेपर्यंत थांबायला सांगणारं हे वाक्य खोडून टाकावं. बाळाच्या वजनाप्रमाणे किती मिलिलिटर, दर किती तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा आणि किती दिवस, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावं. औषधासोबत मिळणाऱ्या ड्रॉपरवर किंवा सिरिंजवर पेनाने खूण करून द्यावी. आणि आईकडून एकदा समोर बसून भरून घ्यावं.