कळते, पण बोलता येत नाही

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाऊ लागली, तरीही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अनेकांना इंग्रजी वाचून कळते आणि बोलताना मात्र जीभ अडखळते. या विसंगतीचा उलगडा कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विचारातून बऱ्याच अंशी होतो. फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षे शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचे आकलन उत्तम असूनही त्यांचे बोलणे-लिहिणे मागे राहते, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी ‘निर्मिती’वर, म्हणजे शिकणाऱ्याने स्वतः वाक्य घडवण्यावर, भर दिला, कारण ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो आणि व्याकरणावाचून भागते, पण बोलताना काळ, शब्दक्रम आणि मराठीत नसलेली ‘अ’, ‘द’ ही उपपदे यांची निवड टळत नाही, आणि नेमके काय येत नाही हे तेथेच उघडे पडते. भरगच्च वर्गात प्रत्येकाला बोलते करणे शिक्षकांना अवघडच (त्यांना दोष देणे सोपे असते); तेव्हा शंका विचारणे, सोबत्याशी इंग्रजीतून बोलणे आणि स्वतःचा परिच्छेद सुधारून पुन्हा लिहिणे ही पाठांतरापेक्षा कष्टाची कामे विद्यार्थ्यालाच अंगावर घ्यावी लागतात.