बोकडाला कोणी हसत नाही

लढाईच्या सिनेमात हसू आलं तर पाप लागतं का, हा प्रश्न माझ्या मोठेबाबांचा. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी पक्की, आणि सिनेमाचा नाद माझ्यापेक्षा दांडगा. वलगावहून एसटीनं अमरावतीला जायचं, चित्रा टॉकीजला खेळ पाहायचा अन् रात्री जे वाहन मिळेल त्यानं परतायचं. १९६४चा 'हकीकत' पाहताना लडाखच्या बर्फात अडकलेल्या जवानांसाठी ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. ते त्यांना देवदर्शनासारखंच पुण्याचं वाटे.

पुढं घरच्या टीव्हीवर मी त्यांना चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' दाखवला. हुकूमशहा पृथ्वीच्या गोलाचा फुगा ढुंगणानं उडवतो, कवटाळतो आणि तो फाटकन फुटतो. मोठेबाबा खो-खो हसले, अन् लगेच ओशाळले. ''एवढे लोकं मेले, अन् हा फुगा उडवते काय रे?''

चॅप्लिनलाही हे टोचलं होतं. सिनेमा १९४०चा. छळछावण्यांत खरोखर काय चाललंय हे तेव्हा ठाऊक असतं तर तो काढूच शकलो नसतो, असं त्यानं पुढं आत्मचरित्रात कबूल केलं. मला त्याची शंका प्रामाणिक वाटते, पण पटत नाही. हसू कोणावर आहे ते पाहा ना. फुग्याशी खेळणाऱ्यावर. ज्यू वस्तीतल्या न्हाव्याबरोबर आपण हसतो, त्याच्या मरणाला हसत नाही.

हे मी सिनेमातून शिकलो नाही; शिकलो ते गाडगेबाबांच्या कीर्तनातून. आमच्या गावाजवळच, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ला त्यांनी देह ठेवला. बाबांवरच्या 'देवकीनंदन गोपाला' सिनेमातले श्रीराम लागू मला आवडतात, पण बाबांचं कीर्तन मी ऐकलं ते मोठेबाबांच्या तोंडून. बाबा लोकांनाच प्रश्न विचारत. देवापुढं नैवेद्य कोण ठेवतं? आम्ही. कुत्रं आलं तर काठी घेऊन कोण हाकलतं? आम्हीच. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला माणूस आपल्याच तोंडानं पकडला जाई अन् सारी सभा हसे. नवसाचा बोकड कापणाऱ्यांची बाबांनी भरपूर टर उडवली. बोकडाची नाही.

म्हणून लढाईच्या 'बॉर्डर'पेक्षा मला 'जाने भी दो यारों' जास्त धार्मिक वाटतो. रागावू नका! 'बॉर्डर' पाहून बाहेर पडताना माझी छाती फुगलेली होती, आणि छाती फुगवणं हे काही धर्माचं काम नव्हे. 'जाने भी दो'त मेलेल्या कमिशनरला साडी नेसवून द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभं करतात. मढ्याची ओढाताण होते, पण फजिती होते ती ओढणाऱ्या जित्या माणसांची. मोठेबाबांना मात्र हे शेवटपर्यंत रुचलं नाही. मयत दिसली की टोपी काढावी, असं त्यांचं म्हणणं.

वर त्यांनी मला गीतेत अडकवलं. दोन सैन्यांच्या मधोमध अर्जुन धनुष्य टाकून बसला, तेव्हा कृष्ण हसल्यासारखा बोलू लागला. तिथं हसण्याजोगं कोण होतं? मी म्हणालो, अर्जुनाला आपणच साऱ्यांना मारणारे-तारणारे आहोत असं वाटत होतं, कृष्ण त्या मीपणाला हसला. मोठेबाबा म्हणाले, ''मंग त्याले लढाले काऊन लावलं?''