तारामाशाची भूक

बडोद्यात, रावपुऱ्यातल्या घरात कुणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली असेल, तर उन्हाळ्यात चहाच्याही आधी एक काम उरकावं लागतं. काचेवर मारलेल्या खुणेच्या किती खाली पाणी उतरलंय ते बघायचं. बाहेर मे महिना, घरात रात्रभर पंखा. थोडं पाणी उडणारच. पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. नवशिका माणूस नेमका इथे फसतो. खारं पाणी कमी झालं म्हणून वरून खारंच ओततो. ओतायचं असतं गोडं, आणि तेही आर.ओ.चं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्या पोटाला चालतं, समुद्राच्या जिवांना चालत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. दोनशे लिटरच्या टाकीतलं दहा लिटर उडालं की ते लिटरमागे ३७ च्या जवळ जातं. बहुतेक मासे एवढं निभावून नेतात. तारामाशाला ते भोवतं.

कारण त्याच्या बाबतीत आतलं आणि बाहेरचं अशी फारकतच नाही. त्याला रक्त नाही, मेंदू नाही. पाठीवर, मध्यापासून किंचित बाजूला, एक खरखरीत ठिपका दिसतो. भिंग धरून पाहिलं तर ती चाळणी असते. नळ्यांचं जाळं तिथून सुरू होऊन पाची हातांत पसरतं. त्यात जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं, आणि त्याच्या दाबावर खालचे शेकडो मऊ पाय चालतात. अंगातला खारटपणा बाहेरच्यापेक्षा वेगळा राखण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून पिशवीतून आणलेला तारामासा थेट टाकीत सोडायचा नसतो. एअरपंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने त्याच्या बादलीत पडू द्यायचं, चांगलं दोन-तीन तास. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर पुढे आठवडाभराने हात झडायला लागल्यावर कारण सापडत नाही.

आणखी एक गंमत. आपल्याकडे सकाळी उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणारे घरोघरी आहेत. तारामाशाला मात्र तांबं म्हणजे विष. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की जे औषध टाकीत घालतात, त्यातल्या पुष्कळ औषधांत तांबंच असतं. मासा बरा होतो, शेजारचा तारामासा जातो.

पण पाणी सांभाळणं शिकता येतं. माझ्या मनात घोळतं ते दुसरंच. दुकानात विचारलं की हमखास ऐकू येतं, ‘आ तो बहु शांत छे, कंईं करतुं नथी.’ घरी आणल्यावर आपणही पाहुण्यांना तेच सांगतो. निळा तारामासा तर दिवाणखान्यात फारच शोभतो. तो दगडांवरचा अगदी पातळ जिवंत थर चाटून जगतो, आणि घरच्या टाकीत तो थर पुरत नाही. वाळू उपसणारा तारामासा वाळूतले किडे खातो. छोट्या टाकीतली वाळू काही महिन्यांत कोरी होते. त्यानंतर दोघेही नुसते बसून असतात. मासा उपाशी असला की काचेशी घुटमळतो, आपण पटकन चिमूटभर खाणं टाकतो. या तारामाशांना घुटमळता येत नाही. हातांची टोकं बारीक होतात, मध्यभाग किंचित खाली बसतो, उलटा पडला तर सुलटं व्हायला फार वेळ लागतो. वर्षभराने तो जातो तेव्हा लोक म्हणतात, ‘त्याचं वय झालं असेल.’ वय झालेलं नसतं. उपास घडलेला असतो, आणि त्या साऱ्या काळात घरच्यांनी त्याचं कौतुक केलेलं असतं, तो किती शांत आहे म्हणून.

घरातसुद्धा मागणाऱ्याच्या ताटात आधी पडतं. न मागणारं माणूस समाधानी आहे असं धरून चालणं आपल्या सोयीचं असतं. इथे ते काचेतून दिसतं, एवढंच.

तारामासे पाळूच नयेत असं म्हणण्याइतका मी कडवा नाही. पाठीवर चॉकलेटी टोकं असलेली जात त्यातल्या त्यात चिवट. हातानं भरवलेलं खाते, मात्र प्रवाळ आणि गोगलगाईही सोडत नाही. तिच्यापायी घरात अंडंसुद्धा न शिजणाऱ्या कुटुंबांना फ्रीजच्या कोपऱ्यात कोळंबीची डबी ठेवावी लागते, आणि आजीपासून ती लपवणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. टाकी किमान सहा महिने मुरलेली हवी. वीज गेली तर पंपाची सोय हवी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या कितीतरी भागांत वीज नव्हती, हे अजून कुणी विसरलेलं नाही.

बडोद्याला समुद्र नाही असं आपण सहज म्हणून जातो, पण ते नेहमीच खरं नव्हतं. बडोदा संस्थानाच्या ताब्यात ओखामंडळ होतं, द्वारकेच्या बाजूचं. तिथल्या समुद्रात काय काय राहतं ते तपासायला सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासकाला बोलावलं. त्याचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत छापून निघाले. ओखामंडळच्या समुद्राचं मोल तिथे जाऊन, चिखलात पाय घालून केलेलं आहे; समुद्र राजवाड्यात आणायचा खटाटोप त्यात नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे, पण सांगाड्याचं पाणी बदलावं लागत नाही.

ओखामंडळाला लागूनच असलेल्या कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. जामनगरकडून नराराला गेलं, की ओहोटीला समुद्र बराच आत सरतो आणि गुडघाभर पाण्यातून चालत तारामासे त्यांच्या जागी बघता येतात. परवाना काढावा लागतो, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावं लागतं, आणि काहीही उचलून आणायला बंदी आहे. मुलांना एकदा तिथे न्यावं, टाकीचा हट्ट मग पुन्हा ऐकावा.

ज्यांच्या घरी चॉकलेटी टोकांचा तारामासा आधीच आहे, त्यांनी आज कोळंबीचा नखाएवढा तुकडा, मीठ-हळद न लावलेला, त्याच्या हाताच्या टोकाशी ठेवून पाहावा. खाणारा असेल तर तो हळूहळू त्यावर चढतो, पाठीला कुबड काढतो आणि पोट बाहेर काढून तिथेच जेवतो. जेवण बराच वेळ चालतं. तोवर माशांना दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी टाकून ठेवा, नाहीतर ते तुकडा पळवतील.